बाबांना भेटते, पण आईला सांगितलेलं नाही

ताई, मी २४ वर्षांची आहे. मी १३ वर्षांची असताना आई-बाबा वेगळे झाले, पुढे दीड वर्षाने घटस्फोट झाला. मारहाण, व्यसन असलं काही नव्हतं. भांडणं होती, आणि शेवटी शेवटी तीही नव्हती, नुसता अबोला. मी आईकडे राहिले. बाबा एक आड एक रविवारी मला न्यायला यायचे. सोळाव्या वर्षी एकदा मी चिडून त्यांना मेसेज केला, ‘यापुढे येऊ नका.’ ते खरंच आले नाहीत. फीचे पैसे वेळेवर यायचे, वाढदिवसाला मेसेज यायचा, बस्स. मधल्या काळात त्यांनी लग्न केलं. त्यांच्या बायकोला आधीचा मुलगा आहे, आता नऊ वर्षांचा.

गेल्या वर्षी नोकरीमुळे मी बाबा राहतात त्या शहरात आले. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘भेटूया का?’ तेव्हापासून आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. आईला माहीत नाही. भेटायच्या दिवशी तिचा फोन आला की मी उचलत नाही, नंतर ‘झोपले होते’ म्हणून सांगते. बाबा चांगले वागतात, पण आमच्यात बोलायला काही नसतंच. ऑफिस, ट्रॅफिक, परत ऑफिस. गाडीत बसताना ते अजून म्हणतात, ‘तू पुढेच बस, मागे बसलं की तुला मळमळतं.’ मला मळमळायचं बंद होऊन किती वर्षं झाली! मागच्या वेळी ते अर्ध्यातूनच निघाले, त्या मुलाच्या शाळेत काहीतरी कार्यक्रम होता. मी हसून ‘जा जा’ म्हटलं आणि खोलीवर येऊन खूप रडले. हल्ली कुणी मेसेजला उशिरा उत्तर दिलं तरी वाटतं, झालं, हाही गेला.

मी आईशी बेइमानी करतेय का? बाबा तेव्हा का आले नाहीत, हे त्यांना विचारू का? मैत्रीण म्हणते, म्हातारपण दिसायला लागलं की अशा बापांना मुलं आठवतात.

– दोघांची

प्रिय दोघांची,

सगळ्यात आधी आईला सांग. बाबांना काही विचारण्याआधी, पुढची भेट ठरवण्याही आधी.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते ‘झोपले होते’ हे वाक्य. तू बाबांना भेटतेस यात बेइमानी नाही, तीळभरही नाही. पण दर महिन्याला तुला आईशी खोटं बोलावं लागतंय, आणि त्या एका खोट्यापायी साधी बापलेकीची भेट चोरून केल्यासारखी वाटायला लागली आहे. बाबांशी बोलायला काही सुचत नाही म्हणतेस. फोन वाजला की दचकायचं, घरी गेल्यावर काय थाप मारायची ते मनात जुळवत बसायचं, अशा भेटीत कुणाला काय सुचणार? मला वाटतं तुमच्यातल्या शांततेचा निम्मा वाटा या लपवाछपवीचाच आहे.

दोघांवर माया केली की आपण मधल्यामधे चिरडले जाऊ, अशी भीती घटस्फोट झालेल्या घरातल्या मुलांना वाटते. ती भीती उगाच आलेली नसते. १९९१ साली ख्रिस्टी ब्यूकॅनन, एलिनॉर मॅकोबी आणि सॅनफर्ड डॉर्नबुश या तीन अमेरिकन संशोधकांनी यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आई-वडील वेगळे होऊन साडेचार वर्षं झालेल्या, १० ते १८ वयाच्या ५२२ मुलामुलींशी फोनवर बोलून त्यांनी विचारलं होतं, आई-बाबांच्या मधे अडकल्यासारखं वाटतं का? जिथे आई-वडिलांमध्ये वैर धुमसत होतं, तिथे मुलांना तसं जास्त वाटत होतं. पण ज्यांची दोघांशीही जवळीक होती, त्या मुलांना अडकल्यासारखं कमी वाटत होतं. तुला आजवर याच्या उलट वाटत आलंय. बाबांच्या जवळ गेलं की आईपासून तुटणार, असं तू धरून चालली आहेस. अडकवते ती मोठ्यांमधली तेढ. दोघांवरची तुझी माया तुला अडकवत नाही.

आता सांगायचं कसं. फोनवर नको. आणि घरी गेल्यावर निघायच्या आदल्या रात्री, बॅग भरता भरताही नको, कारण या विषयावर एका बोलण्यात भागत नाही. आईला पहिल्यांदा ऐकायला वेळ लागेल आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मनातलं बाहेर येईल, तेव्हा तू तिथे असायला हवीस. दोन-तीन दिवस सुट्टी काढून जा आणि पहिल्याच दिवशी सांग. शब्द साधे ठेव. ‘आई, मी बाबांना भेटते. वर्ष होत आलं. तुला त्रास होईल म्हणून बोलले नाही, पण लपवल्याचा मलाच जास्त त्रास व्हायला लागला. तुला विचारून मग भेटायचं असं नाही माझं, पण तुझ्यापासून चोरूनही भेटायचं नाही.’ एवढं पुरे. बाबा आता किती बदललेत, किती विचारपूस करतात, यातलं अक्षरही त्या दिवशी काढू नकोस.

आई कदाचित काहीच बोलणार नाही. कदाचित म्हणेल, ‘भेट ना, मी कोण अडवणारी?’ आणि दिवसभर कामात डोकं घालून बसेल. किंवा सरळ म्हणेल, ‘मी इतकी वर्षं खस्ता खाल्ल्या, आणि आता त्याला आयती मोठी झालेली मुलगी मिळाली.’ हे ऐकून तुझ्या तोंडावर ‘पण आई’ येईल. ते गिळ. ती बाबांवर बोलतेय असं वाटेल, पण तिच्या मनातला प्रश्न वेगळा असेल. ताप आला तेव्हा रात्र रात्र मी बसले, पालकसभेला एकटी मी गेले, महिनाअखेरीची ओढाताण माझ्या वाट्याला आली, त्या सगळ्याचं या मुलीच्या लेखी काय झालं? याला उत्तर एकच: ‘हो आई, तू एकटीने केलंस. मला सगळं आठवतं.’ आणि एखादी खरी आठवण सांग, तिने केलेली, तुला माहीत आहे हे तिला माहीत नसलेली. तुझ्याकडे अशा आठवणी नक्की असतील. हे तिला तू आजवर म्हटलेलं नसणार. आपण आईला हे क्वचितच म्हणतो, कारण ती कुठे जाणार नाही याची आपल्याला खात्री असते.

एक पथ्य मात्र पहिल्या दिवसापासून पाळ. इकडचं तिकडे नेऊ नकोस. आईने विचारलं, ‘काय, नवीन संसार कसा चाललाय?’ तर शांतपणे म्हण, ‘ते मी सांगणार नाही, इथलंही मी तिथे काही सांगत नाही.’ बाबांनी ‘आईची तब्येत बरी आहे ना’ असं विचारलं तर ‘बरी आहे’ एवढंच पुरेसं. निरोप्याचं काम तू लहानपणी पुष्कळ केलं असशील. फीची तारीख, सुट्टीचे दिवस, कोण न्यायला येणार. ते काम आता संपलं.

तू सरळ लिहिलेलं नाहीस, पण पत्रभर एक गोष्ट जाणवत राहिली. चूक कुणाची होती हे ठरल्याशिवाय बाबांवर माया करायचा आपल्याला हक्क नाही, असं तुला आत कुठेतरी वाटतंय. म्हणून तू त्यांच्यासोबत बसतेस तेव्हा मनात खटला चालू असतो. आईची बाजू तूच मांडतेस, बाबांची बाजू तूच मांडतेस, आणि निकालही तूच द्यायचाय. बाळा, तो खटला तुझा नव्हता. लग्न त्या दोघांचं होतं, मोडलं ते त्या दोघांनी. ते का मोडलं याचं उत्तर तुला आयुष्यभर मिळालं नाही, किंवा दोघांकडून दोन वेगळी उत्तरं मिळाली, तरी तुझं बाबांशी नातं असू शकतं. बाबांनी आईशी काय केलं, याची जबाबदारी ते आणि आई बघतील. त्यांनी तुझ्याशी काय केलं, एवढंच तुझ्या अखत्यारीत येतं. आणि तिथे तुझी तक्रार खरी आहे.

तर ती तक्रार. ‘येऊ नका’ हा मेसेज तू केलास, म्हणून ते न येण्यात आपलाही हात आहे असं तुला वाटतं ना? पत्रात तू ‘चिडून’ एवढंच लिहिलंस, का चिडलीस ते नाही, आणि पुढे ‘ते खरंच आले नाहीत’. त्या ‘खरंच’मध्ये तुझी सगळी वाट पाहणं आहे. सोळा वर्षांची मुलगी बापाला येऊ नका म्हणते तेव्हा ती दार लावून घेते आणि आतून कान देऊन बसते. हे समजायची जबाबदारी मोठ्या माणसाची असते. त्यांनी पुढच्या रविवारी यायला हवं होतं. खाली उभं राहून, ‘नाही भेटलीस तरी चालेल, मी आलो होतो’ असं सांगून जायला हवं होतं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत यायला हवं होतं. ते त्यांनी केलं नाही. त्यात तुझा दोष नाही.

मग का केलं नाही? तुझ्या बाबांच्या मनातलं मला माहीत नाही. पण वेगळे झालेले बाप कसे दूर जातात, हे पुष्कळ घरांतून दिसलेलं आहे. काहींना न्यायला आल्यावर दारात होणारी बोलाचाली नको असते. काहींना लाज वाटते, आणि लाज वाटणारा माणूस समोर यायचंच टाळतो. काही जण पैसे वेळेवर पाठवले की कर्तव्य पार पडलं असं मनापासून समजतात. काहींना वाटतं, मुलगी नको म्हणतेय तर तिच्या मनाचा मान ठेवावा, आणि हा मान ठेवता ठेवता सात वर्षं निघून जातात. आणि आणखी एक कारण आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं: कित्येक घरांत बापाचं मुलांशी असलेलं नातं आईच चालवत असते. आज तिचा पेपर आहे, जरा विचारा. ती रुसली आहे, जाऊन बोला. मैत्रिणीशी भांडण झालंय, आज रागावू नका. आई बाजूला झाली की या बापांना कळतच नाही की मुलीपर्यंत जायचं कुठून. यातलं एकही कारण सबब म्हणून मी तुला देत नाहीये. बापाने वाट शोधायलाच हवी होती. पण ‘ते आले नाहीत’ याचा अर्थ ‘त्यांना मी नको होते’ असाच तू लावला असशील, तर तो अर्थ निदान एकदा बाजूला ठेवून बघ.

हा अर्थ तुझ्या एकटीच्या मनात नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातले रॉबर्ट एमरी आणि त्यांच्या सहकारी लिसा लॉमन-बिलिंग्ज यांनी घटस्फोटित घरांतून आलेल्या तरुण मुलांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. कॉलेजात नीट शिकणारी, बाहेरून सगळं ठीक दिसणारी मुलं त्यात होती. त्यांना विचारलेल्या गोष्टींत एक अशी होती की, माझ्या वडिलांचं माझ्यावर प्रेम तरी आहे का, असं कधी कधी वाटतं का? आई-वडील एकत्र असलेल्या मुलांपेक्षा या मुलांमध्ये ‘हो’ म्हणणारी बरीच जास्त निघाली. संशोधकांनी एक गोष्ट जपून वेगळी काढली. ही मुलं आजारी नव्हती, मोडलेलीही नव्हती. त्यांना दुखत होतं, इतकंच. तूही नोकरी करतेस, एकटी राहतेस, मित्रमैत्रिणी आहेत, आणि तरी रडतेस. यात काही बिघडलेलं नाही.

तेव्हा हो, विचार त्यांना. पण ‘तेव्हा तुम्ही का आला नाहीत?’ असं नको. ‘का’ म्हटलं की समोरचा माणूस कारणं द्यायला लागतो, आणि कारणांच्या शेवटी बहुतेक वेळा तुझी आई येते. आधी तुझं सांग. ‘बाबा, मी येऊ नका म्हटलं होतं ना, त्याच्या पुढच्या रविवारी मी तयार होऊन बसले होते.’ खरं असेल तर हे सांग, किंवा जे खरं असेल ते. मग नेमकं विचार: ‘माझा मेसेज वाचलात तेव्हा तुम्ही कुठे होतात? काय केलंत?’ कुठे होतात, काय केलंत, हे माणसाला आठवून सांगता येतं. मी वाईट बाप होतो का, याचं उत्तर कुणालाच एका बैठकीत देता येत नाही.

टेबलाच्या दोन बाजूंना बसून हे बोलू नका. गाडीत बोला, चालताना बोला. नजरेला नजर द्यावी लागत नाही तिथे अवघड गोष्टी लवकर निघतात, आणि गप्प बसलं तरी ते अंगावर येत नाही. ते ‘तुझी आई तेव्हा…’ म्हणायला लागले तर तिथेच थांबव: ‘बाबा, आईबद्दल नाही, आपल्याबद्दल विचारतेय.’ दुसऱ्यांदा म्हणाले तर दुसऱ्यांदा थांबव. तिसऱ्यांदा म्हणाले तर त्या दिवसापुरतं बोलणं संपव आणि घरी ये. त्यात उद्धट काही नाही.

आणि तुला हवं तसं उत्तर मिळणार नाही याची तयारी ठेव. एखादा बाप ढसाढसा रडतो, एखादा ‘जाऊ दे ना आता’ म्हणतो, एखादा त्या क्षणी दगडासारखा गप्प बसतो आणि चार दिवसांनी रात्री दोन ओळींचा मेसेज करतो. पहिल्या प्रतिसादावरून निकाल लावू नकोस. महिना-दोन महिन्यांत त्यांच्या वागण्यात काही हलतं का, ते बघ.

ते बघायची संधी तुझ्या हातातच आहे. मागच्या वेळी ते अर्ध्यातून निघाले आणि तू हसून ‘जा जा’ म्हणालीस. त्यांनी ते खरं मानलं, सोळाव्या वर्षीचं मानलं होतं तसंच. या माणसाला तुझ्या शब्दांच्या मागे काय आहे ते वाचता येत नाही, निदान अजून तरी येत नाही. मग त्याला वाचायला लावू नकोस, सांग. ‘त्या दिवशी तुम्ही मधेच निघालात, मला फार वाईट वाटलं. पुन्हा असं काही असेल तर आधी सांगा, आपण दुसरा दिवस ठरवू.’ तक्रार आहे, मागणी आहे, आणि ती पूर्ण करणं त्यांना सहज जमण्यासारखं आहे. त्यानंतर ते आधी फोन करायला लागले, दिवस बदलून मागायला लागले, तर तुझ्यापुढे एक शिकणारा बाप आहे. सांगूनही पुन्हा पुन्हा तेच झालं, तर तेही एक उत्तरच आहे.

पॉल अमाटो आणि जोन गिलब्रेथ या दोघांनी १९९९ साली ६३ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, वेगळं राहणाऱ्या वडिलांचा मुलांना उपयोग होतो तो कशामुळे हे शोधायला. नुसतं किती वेळा भेटतात याने फारसा फरक पडत नव्हता. जवळीक किती आहे आणि बाप लक्ष घालतो का, मुलाचं ऐकतो का, मर्यादाही घालून देतो का, याने पडत होता. तो अभ्यास लहान मुलांबद्दलचा होता, पण मला तो तुझ्याही कामाचा वाटतो. महिन्याला एक की दोन, या हिशेबात पडू नकोस. भेटीत तुला कुणी विचारतं का, आणि मागच्या वेळी सांगितलेलं पुढच्या वेळी त्यांच्या लक्षात असतं का, ते बघ.

आता ते गाडीतलं वाक्य. तुला ते टोचलं, आणि टोचणारच, कारण त्यात मधली सगळी वर्षं गायब आहेत. पण मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांच्याकडची तुझी माहिती तेराव्या-चौदाव्या वर्षी येऊन थांबली आहे. तुझं आजचं त्यांना काही माहीत नाही, म्हणून जे माहीत आहे ते घट्ट धरून ते तुझी काळजी घ्यायला बघतायत. पुढच्या वेळी ते तसं म्हणाले की नुसतं पुढे बसू नकोस. म्हण, ‘बाबा, आता नाही मळमळत मला. कॉलेजला जाताना बसच्या शेवटच्या सीटवर बसून वाचायचे मी.’ मग ते विचारतील, काय वाचायचीस? नाही विचारलं तर तूच सांग. ऑफिस आणि ट्रॅफिकच्या पलीकडचं बोलणं असंच सुरू होतं, जुनी माहिती दुरुस्त करता करता.

हे दोन्ही बाजूंनी आहे. तुलाही माहीत असलेले बाबा तेराव्या वर्षीचेच आहेत, आणि तेही लहान मुलीच्या उंचीवरून दिसलेले. त्यांना विचार, तुम्ही २४ वर्षांचे होतात तेव्हा काय करत होतात. त्यांना कशाची भीती वाटते, झोप लागते का, कामात अजून मन रमतं का. आणि दर वेळी समोरासमोर बसून गप्पाच मारायला हव्यात असं नाही. खोलीवर फळी ठोकायची असेल, सायकल दुरुस्त करायची असेल, तर त्यांना बोलाव. हाताला काम असलं की बरीच माणसं बोलतात.

तरी एक दुःख उरेल, त्याला माझ्याकडे औषध नाही. आजचे बाबा कितीही चांगले वागले तरी १६ ते २३ ही वर्षं परत येणार नाहीत. पॉलिन बॉस या अमेरिकन कौटुंबिक समुपदेशक आणि संशोधक १९७० च्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर काम करत होत्या. ज्याचा मृत्यू झाला असंही म्हणता येत नाही आणि जो घरीही नाही, अशा माणसाचं दुःख करायला लोकांना जागाच मिळत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि मांडलं. पुढे त्यांनी हेच घटस्फोटाबद्दलही म्हटलं. तुझे बाबा होते, पैसे येत होते, वाढदिवसाला मेसेज येत होता, मग रडायचं कशाबद्दल? म्हणून तू रडली नाहीस. त्या मुलाच्या शाळेत ते धावले तेव्हा ते सगळं एकदम आलं. तुझ्या शाळेत त्या वर्षांत कुणी धावायला हवं होतं. हे रडणं त्या पोराच्या मत्सराचं आहे असं समजून स्वतःवर चिडू नकोस. आणि मत्सर असला थोडासा, तर असू दे. त्या मुलाने तुझं काही घेतलेलं नाही हे तुला कळतंच आहे.

उशिरा आलेल्या मेसेजने तुझ्या पोटात गोळा येतो, त्याचं मूळही बहुधा इथेच आहे. हे फार वाढलं, त्यापायी नाती तोडावीशी वाटू लागली, झोप उडाली, तर समुपदेशकाकडे जा. याला लगेच जायला हवं असं मला पत्रावरून वाटलं नाही, पण जाण्यासाठी फार वाईट अवस्था व्हायची वाट बघायची गरज नाही.

मैत्रिणीचं म्हणणं खरंही असेल. वय झालं की माणसाला मागे सुटलेलं दिसायला लागतं, काहींना आधाराची काळजीही वाटू लागते. पण आठवण कशामुळे आली यावर नात्याचं सगळं ठरत नाही. उद्या त्यांनी काही मागितलं, पैसे, सेवा, सोबत, तर तेव्हा तुला जेवढं द्यावंसं वाटेल तेवढं दे, नाही वाटलं तर देऊ नकोस. ती चिंता आज घेऊन भेटायला जाऊ नकोस. आणि हे सगळं करून बघितल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने तुला वाटलं की या भेटींनी माझं भलं होत नाही, तर त्या कमी कर, बंद कर. तोही हक्क तुझा आहे. तो बजावताना आईच्या वतीने नको, सोळा वर्षांच्या मुलीच्या रागानेही नको, आजच्या तुझ्या समजुतीने बजाव.

हे वाचणाऱ्यांमध्ये काहींच्या घरी वडील मारत होते, धमकावत होते, किंवा अजूनही पाठलाग करतात. त्यांच्यासाठी यातलं काहीही नाही. त्यांनी आपली आणि आईची सुरक्षितता आधी बघावी, आणि ‘शेवटी बाप आहे’ म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नये.

ताजा कलम म्हणून तू विचारलंस की त्या मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला बाबांनी घरी बोलावलंय, जाऊ का? या वेळी नको. सगळे नातेवाईक, त्यांची बायको, तू कोण हे कुणाला कसं सांगायचं हा घोळ, आणि आईला अजून काहीच माहीत नाही. बाबांना सांग, ‘गर्दीत नको वाटतं. एखाद्या साध्या दिवशी तासभर येईन, आधी आईशी बोलायचंय मला.’ त्या पोरासाठी काही पाठवायचं मनात आलं तर पाठव, नाही आलं तर राहू दे.

– तुझी ताई